उत्तर जुळलं नाही की लेक अख्खं गणित खोडते

निळीशाई:
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. गणित तिला आवडतं, जमतंही. पण गेल्या काही महिन्यांत एक सवय लागली आहे आणि ती मला बघवत नाही. गणित सोडवून झालं की लगेच पुस्तकाची शेवटची पानं उघडते. उत्तर जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर खोडरबर घेऊन पहिल्या ओळीपासून सगळं साफ. एक अक्षर ठेवत नाही.

कालचंच सांगते. ३, ५, ६, ७, ९ या पाच मोजमापांचं प्रमाण विचलन (संख्या सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप) काढायचं होतं. तिने सरासरी काढली ६. विचलनं −३, −१, ०, १, ३. वर्गांची बेरीज २०, भागिले ५, आले ४, वर्गमूळ २. मागे उत्तर २.२४. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा २ आले, पुन्हा खोडलं. तिसऱ्या खेपेला मी डोकावले तेव्हा वर्गांतल्या एका ९ चे तिने १४ केले होते. का, तर बेरीज २५ झाली की २५ भागिले ५ म्हणजे ५, आणि ५ चं वर्गमूळ २.२४ येतं! मला रागावताही येईना. एवढं डोकं तिने उत्तराला गाठायला लावलं होतं.

परवा असंच. जाताना ताशी ४० किमी, येताना त्याच रस्त्याने ताशी ६०, सरासरी वेग किती? तिचं उत्तर ५०, पुस्तकाचं ४८. खोडून खाली फक्त ४८ लिहून ठेवलं.

दोन प्रश्न आहेत. एक, त्या प्रमाण विचलनात चूक नेमकी कुठे आहे? मी दोनदा करून पाहिलं, मलाही २ च येतात. आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: उत्तर जुळत नाही तेव्हा मुलांनी काय करावं, आणि शेजारी बसलेल्या आईने काय करावं? शेवटची पानं पिना मारून बंद करून टाकावीत असं मनात येतं आहे.

कोनमापक:
पहिल्या प्रश्नापुरतं: तिची आकडेमोड बरोबर आहे. २० ला ५ ने भागलं तर ४, त्याचं वर्गमूळ २; ४ ने भागलं तर ५, त्याचं वर्गमूळ २.२४. पुस्तकाने ४ ने भागलंय. गणितात ‘नमुना’ असा शब्द आहे का बघा.

रानवारा:
नववीच्या मुलीला हे कुठे सांगत बसता? वर्गात जे सूत्र दिलंय ते वापरायचं, मिळेल ते उत्तर लिहायचं. उत्तरसूचीत चुका असतातच.

अंकपाश:
@रानवारा, इथे उत्तरसूचीची चूक नसावी. आणि सांगायला हरकत काय? नववीच्या मुलीला हाताने करून बघता येईल इतकं ते सोपं आहे. निळीशाईताई, तिच्याकडून हे करून घ्या.

एका डब्यात दोनच चिठ्ठ्या आहेत, १ आणि ३. सगळा समूह एवढाच. सरासरी २, दोघींचं विचलन १-१, म्हणून वर्गांची सरासरी १. हीच ती व्हेरिअन्स, खरी, पूर्ण समूहाची. तिचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन.

आता समजा आपल्याला डब्यात काय आहे ते माहीत नाही. एक चिठ्ठी काढायची, बघून परत टाकायची, पुन्हा एक काढायची. दोन चिठ्ठ्यांचा नमुना. चारच शक्यता: (१,१), (१,३), (३,१), (३,३). प्रत्येक नमुन्याची स्वतःची सरासरी काढून तिच्यापासूनच्या विचलनांचे वर्ग मिळवा. बेरजा येतात ०, २, २, ०.

या बेरजांना २ ने भागलं तर ०, १, १, ०. त्यांची सरासरी ०.५. खरं उत्तर १ असताना आपला अंदाज सरासरीने निम्माच येतो. आता २ ऐवजी १ ने भागा: ०, २, २, ०. सरासरी १. बरोबर खऱ्या उत्तरावर.

असं का होतं? नमुन्याची सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असते, म्हणून ती त्या संख्यांच्या मधोमध जाऊन बसते. खरी सरासरी जराशी बाजूला असू शकते. आपण मात्र विचलन मोजतो ते या मधोमध बसलेल्या सरासरीपासून, त्यामुळे वर्गांची बेरीज कमी भरते, फार तर तेवढीच भरते. कधीच जास्त भरत नाही. ती कसर भरून काढायला छेद एकाने कमी करायचा. याला बेसेलची दुरुस्ती म्हणतात.

दुसऱ्या बाजूनेही दिसतं. पाच विचलनांची बेरीज शून्यच व्हायला हवी. तुमच्या लेकीने −३, −१, ०, १ लिहिले की पाचवं ३ ठरलेलंच आहे, त्याला मोकळीक नाही. मोकळी चारच.

चाफेकळी:
अंकपाश, चार ओळींच्या यादीतून हे दिसू शकतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शाळेपासून ‘एक वजा करायचा’ एवढंच पाठ. आत्ता वहीवर करून पाहिलं. धन्यवाद.

पायवाट:
मी बावीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण पहिला अंकपाश यांनी छान उलगडला आहे.

माझ्या वर्गात खोडरबर बाकावर ठेवायचा नाही, असा नियम आहे. भूमितीच्या आकृतीपुरता दप्तरातून काढायचा. चुकलं तर त्या ओळीवर एक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी समासात बरोबर ओळ. मुलं सुरुवातीला फार कुरकुरतात. वही घाण दिसते म्हणतात. मी त्यांना सांगते की मला घाण वही हवी आहे, तिच्यातच मला तुझं डोकं दिसतं.

कारण असं की दहा ओळींच्या गणितात चूक बहुतेक वेळा एकाच ओळीत असते. मुलगी सगळं खोडते तेव्हा नऊ बरोबर ओळी टाकून देते आणि पुन्हा सोडवताना तीच चूक त्याच जागी करते, कारण ती चूक तिला कधी दिसलेलीच नसते.

एक विद्यार्थी होता. वर्गसमीकरणांत त्याची उत्तरं कायम उलट्या चिन्हाची. २क्ष² − ७क्ष + ३ = ० ची मुळं ३ आणि १/२, तर हा लिहिणार −३ आणि −१/२. दर वेळी खोडून उत्तरासारखी चिन्हं करून टाकायचा. मी त्याला तीन आठवडे खोडू दिलं नाही. मग सात-आठ गणितं शेजारी ठेवून त्यालाच विचारलं, बघ काय दिसतं. त्याचं त्यालाच सापडलं. अवयव (क्ष − ३)(२क्ष − १) बरोबर पाडायचा आणि मग कंसातली संख्या चिन्हासकट तशीच उचलून उत्तर म्हणून लिहायचा. क्ष − ३ = ० ही ओळ तो लिहीतच नव्हता. तेव्हापासून ती ओळ लिहायला लागला आणि प्रश्न मिटला. खोडत राहिला असता तर त्याला वाटत राहिलं असतं की वर्गसमीकरणं आपल्याला येत नाहीत.

आणि मागची पानं बंद करू नका. त्याऐवजी ती उघडण्याआधी ताळा करायला लावा. वरच्या समीकरणात −३ घालून बघायला अर्धं मिनिट लागतं: १८ + २१ + ३ = ४२. शून्य यायला हवं होतं. म्हणजे पुस्तक न उघडताच कळलं.

रानवारा:
पायवाट, तुमचा मुद्दा पटतो, पण परीक्षेत समासात रेघोट्या ओढलेल्या चालतात का? नीटनेटकेपणाचं काय?

पायवाट:
चालतात. स्पष्ट रेघ मारलेली ओळ तपासणारा सोडून देतो. खोडून पुन्हा लिहिलेला धुरकट आकडा ३ आहे की ८, हे मात्र त्याला कळत नाही. शिवाय रीतीचे गुण असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी वरच्या ओळी जागेवर असतील तर त्यांचे गुण मिळतात. खोडलेल्या ओळींना कोण काय देणार?

तिसरीघंटा:
काकू, मी आत्ता बारावीत आहे. तुमची मुलगी जे करते ते मी दहावीपर्यंत केलं. कागद फाटेपर्यंत खोडायचो. ते का होतं ते सांगतो. उत्तर चुकलं की पानाकडे बघवत नाही. ते पान कुणी बघू नये असं वाटतं. खोडलं की मोकळं वाटतं. म्हणून ‘खोडू नकोस’ असं नुसतं सांगून उपयोग नाही, आधी त्या पानाची लाज गेली पाहिजे.

माझी सवय एका गोष्टीने सुटली. आमच्या सरांनी गणिताला हात लावायच्या आधी अंदाज लिहायला लावला. वर कोपऱ्यात, पेनने. म्हणजे प्रमाण विचलन असेल तर संख्या ३ ते ९ मध्ये पसरल्यात, सरासरीपासून सगळ्यात लांबची ३ ने दूर, मग उत्तर ० आणि ३ च्या मध्ये कुठेतरी, दोनच्या आसपास. या अंदाजात २ पण बसतं आणि २.२४ पण बसतं. २२.४ आलं असतं तर लगेच कळलं असतं की वर्गमूळ राहिलं किंवा दशांशचिन्ह घसरलं. अंदाज लिहायला लागल्यावर उत्तर जुळलं नाही तरी घाबरायला होईना, कारण आपण किती जवळ आहोत ते माहीत असायचं.

चाफेकळी:
वेगाच्या गणितावर कुणी बोललंच नाही. मला ते फार आवडतं.

अंतर दिलेलं नाही म्हणून मुलं अडतात आणि सरळ दोन वेगांची सरासरी घेतात. अंतर आपण सोयीचं धरायचं, १२० किमी. जाताना ३ तास, येताना २ तास. एकूण २४० किमी, ५ तास, म्हणून ४८. गाडी ताशी ४० ने जास्त वेळ चालली, त्यामुळे सरासरी ४० कडे झुकली. अंतर १२० ऐवजी दुसरं काहीही धरलं तरी ४८ च येतात, हे तिला दोन वेगळी अंतरं धरून बघू द्या.

आणि मग तिला हे नक्की विचारा: ५० कधी बरोबर आलं असतं? अंतर सारखं नसून वेळ सारखा असता तर. एक तास ४० ने, एक तास ६० ने, दोन तासांत १०० किमी. तिने वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रमाण विचलनातही तेच झालंय की. पाचच मोजमापं म्हणजे सगळा समूह असता तर २ हेच उत्तर.

यावरून एक कोडं. जाताना ताशी ४० ने गेलो. जाऊन-येऊन सरासरी ८० हवी असेल तर येताना किती वेगाने यावं लागेल?

रानवारा:
१२०.

कोनमापक:
१२० ने आलात तर सरासरी ६० पडेल. १२० किमी धरा: ३ तास आणि १ तास, २४० भागिले ४.

रानवारा:
मग २०० ने?

अंकपाश:
कितीही वेगाने या, होणार नाही. २४० किमीला सरासरी ८० म्हणजे एकूण ३ तास. ते जातानाच संपले.

रानवारा:
हो! वेळच उरत नाही. आता मुलाला विचारतो.

शून्यलब्धी:
तिसरीघंटा यांनी लाजेचा मुद्दा काढला तो मला खूप जवळचा वाटला. माझ्या मुलाने संभाव्यतेत एक चूक केली होती. दोन नाणी फेकली, निदान एक छाप पडण्याची संभाव्यता किती? त्याने लिहिलं २/३. कारण त्याच्या मते शक्यता तीन: दोन छापा, एक छाप एक काटा, दोन काटे. मागे उत्तर ३/४. पोराचा चेहरा पडला.

मी त्याला दालांबेरची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. याच प्रश्नाचं उत्तर त्याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात २/३ दिलं होतं! त्याचा युक्तिवाद जरा निराळा होता: पहिल्याच नाण्याला छाप पडली तर दुसरं फेकायची गरजच नाही, म्हणून शक्यता तीन: छाप, काटा-छाप, काटा-काटा. तीन शक्यता बरोबर मोजल्या, पण त्या सारख्या वजनाच्या आहेत असं धरून चालला. पहिली शक्यता अर्धी आहे, उरलेल्या दोन पाव-पाव.

त्याने ते खोडलं नाही, छापलं. म्हणूनच आज आपण नेमकं बोट ठेवू शकतो की गफलत इथे झाली. हे ऐकल्यावर मुलाने स्वतःहून दोन वेगळ्या रंगांची नाणी घेतली आणि चार ओळी लिहून काढल्या. लाल छाप-निळा काटा आणि लाल काटा-निळी छाप या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे रंगामुळे त्याला पटलं.

अंकपाश:
@शून्यलब्धी, फार छान. त्याच जातीचा आणखी एक जुना प्रश्न आहे. तीन फासे टाकले तर बेरीज ९ येण्याच्या सहा जुळण्या आणि १० येण्याच्याही सहाच. तरी जुगारी लोकांना अनुभवाने जाणवत होतं की १० जास्त वेळा पडतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने ते मोजून दाखवलं: एकूण २१६ पैकी ९ चे २५ प्रकार, १० चे २७. सगळा फरक ३-३-३ मुळे, ते एकाच प्रकारे पडतं. मुलांकडून ही यादी करून घ्या. तास-दीड तास जातो, पण ‘क्रम मोजायचा की नाही’ हा घोळ कायमचा मिटतो.

किनारा:
सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक विरोधी सूर लावते. तास-दीड तास कुठून आणायचा? माझ्या मुलाला रोज दहा-बारा गणितं असतात, शिवाय बाकीचे विषय. प्रत्येक न जुळलेल्या उत्तरामागे ओळ शोधत बसलं तर झोपायला बारा वाजतील. कधीकधी पोरांना खोडून पुढे जाऊ द्यावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरं, आपण पालक आपली पद्धत मध्ये घालतो. शाळेत सरासरी गृहीतमध्याने (मधली एक संख्या सरासरी धरून) काढायला सांगितलेली असते, आपण सरळ बेरीज-भागाकार करून दाखवतो, उत्तर एकच येतं पण मूल दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहतं. मी हे केलं आहे. वर्गात बाईंनी विचारल्यावर त्याला एकही पद्धत पूर्ण सांगता आली नाही. त्यानंतर मी नियम केला, आधी वहीत वर्गातली रीत बघायची आणि मगच तोंड उघडायचं.

पायवाट:
किनारा, तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य. पहिल्यावर अर्धंच. रोज सगळी गणितं अशी करू नयेत, मीही करून घेत नाही. आठवड्यातून दोन. मुलानेच निवडायची. बाकीच्यांना १५ मिनिटांची मर्यादा, तेवढ्यात नाही सुटलं तर जिथे अडलं तिथे प्रश्नचिन्ह करून पुढे. ते प्रश्नचिन्ह घेऊन मूल वर्गात आलं की मला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. ‘हे गणित येत नाही’ यापेक्षा ‘चौथ्या ओळीनंतर पुढे कसं जायचं’ हे विचारणारं मूल निम्मं पोचलेलं असतं.

बाकशिल्लक:
मी शिक्षक नाही, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. आमच्याकडे खोडणं हा गुन्हाच. आणि ताळेबंद जुळला नाही की आम्ही पुन्हा पहिल्यापासून बेरीज करत नसू. आधी फरक बघायचो. फरक बोलतो.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे, ६३ चे ३६ लिहिले गेलेत. फरकाचा अर्धा आकडा वहीत कुठे सापडला तर ती रक्कम उलट्या बाजूला पडली आहे. फरक १०, १०० असा गोल असेल तर हातचा विसरला.

नातीच्या गणितांना मी हेच लावतो. तिचा गटांत विभागलेल्या सामग्रीचा मध्यक दर वेळी अर्ध्याने जास्त येत होता. वर्ग होते १०–१९, २०–२९, ३०–३९, वारंवारता ५, १०, ५. एकूण २०, निम्मे १०. ती खालची सीमा २० धरून २५ काढायची, पुस्तकात २४.५. फरक नेमका ०.५ म्हटल्यावर मी वर्गांकडेच बघितलं. १९ संपून २० सुरू होतात, मध्ये फट आहे. ती बुजवायला सीमा १९.५ धरावी लागते. १९.५ अधिक ५ म्हणजे २४.५. तिच्या बाकीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या.

निळीशाईताई, तुमच्या लेकीचं उदाहरणही फरकावरून सुटतं. इथे वजाबाकी करू नका, भागाकार करा. मागच्या उत्तराचा वर्ग ५, तिच्या उत्तराचा वर्ग ४. गुणोत्तर ५/४. संख्या किती होत्या? पाच. पाचाच्या जागी चाराने भागलंय हे या गुणोत्तरावर लिहिलेलंच आहे.

तिसरीघंटा:
बाकशिल्लक आजोबा, हे मी भिंतीवर लिहून ठेवतोय. उत्तर दुप्पट आलं तर त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला १/२ राहिला, उलट चिन्ह आलं तर कंस सोडवताना वजा विसरला. माझ्या चुकांची अशी एक यादीच करतो.

कोनमापक:
एक व्यवहारातली भर. कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलनाची दोन बटणं असतात, एक पूर्ण समूहासाठी, एक नमुन्यासाठी. स्प्रेडशीटमध्येही दोन वेगळी सूत्रं आहेत, एकाच्या शेवटी पी, दुसऱ्याच्या एस. ३, ५, ६, ७, ९ घालून दोन्ही दाबून बघायला सांगा. एक २ दाखवेल, एक २.२३६०६... यंत्र ठरवत नाही, गणित वाचून आपल्यालाच ठरवावं लागतं.

किनारा:
पायवाट, आठवड्यातून दोन हे जमण्यासारखं आहे. या आठवड्यापासून करून बघते.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराने लिहिते आहे, कारण करून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी खोडरबर मागितला तर लेक रुसली. मग तिसरीघंटाचा प्रतिसाद तिला वाचायला दिला, ‘कागद फाटेपर्यंत’ हा भाग. ती हसली आणि म्हणाली, ‘माझाही फाटलाय.’ मग पेन घेतलं.

प्रमाण विचलनाचं गणित पुन्हा काढलं. मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुझ्या उत्तराचा वर्ग किती, पुस्तकाच्या उत्तराचा किती? ४ आणि ५ बघून गप्प बसली. मग २० कडे बघितलं. मग म्हणाली, ‘त्यांनी चाराने भागलंय. पण का?’ आणि स्वतःच गणित पुन्हा वाचायला लागली. त्यात लिहिलं होतं: उगवलेल्या रोपांपैकी पाच रोपांची नमुना म्हणून उंची मोजली. तीन वेळा सोडवताना तो शब्द आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटला होता. पहिल्या वेळी तिने ते खोडलं नसतं तर त्याच दिवशी सापडलं असतं, असं तिचंच म्हणणं.

अंकपाश यांची चिठ्ठ्यांची यादी केली. ती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, दोनच चिठ्ठ्यांचं जुळलं, योगायोग असेल. मग १, ३, ५ घेतल्या. नऊ नमुने. वर्गांच्या बेरजा: तीन वेळा ०, चार वेळा २, दोन वेळा ८. एकूण २४, भागिले ९, आले २.६७. पूर्ण समूहाची व्हेरिअन्स ८ भागिले ३, तीही २.६७. मला येऊन मिठी मारली.

पण आता नवीनच अडचण आली आहे. तिने पुढे जाऊन वर्गमुळं घेतली. १ आणि ३ च्या डब्यात व्हेरिअन्सचे अंदाज ०, २, २, ० होते, त्यांची मुळं ०, १.४१, १.४१, ०. सरासरी ०.७१ येते. खरं प्रमाण विचलन १. जुळत नाही. तिने दोनदा तपासलं. पान तसंच ठेवलंय, समासात मोठं प्रश्नचिन्ह आहे. अंकपाश, यात तिचं कुठे चुकलं?

अंकपाश:
कुठेही चुकलेलं नाही. तिला सांगा, तिने जे पकडलं ते पदवीच्या वर्गातही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकाने कमी भागण्याची दुरुस्ती व्हेरिअन्सला लागू पडते, तिच्या वर्गमुळाला नाही. आधी सरासरी घेऊन मग मूळ काढणं आणि आधी मुळं काढून मग सरासरी घेणं, यांची उत्तरं वेगळी येतात. तिला ४ आणि १६ घेऊन बघायला सांगा: सरासरी १०, तिचं मूळ ३.१६, पण मुळं २ आणि ४, त्यांची सरासरी ३. नेहमी दुसरी रीत कमी भरते, दोन्ही संख्या सारख्या असतील तेव्हाच बरोबरी. म्हणजे ते २.२४ सुद्धा जरा कमीकडे झुकलेला अंदाजच आहे.

पुढचा प्रश्न तिच्यासाठी: नमुना दोन ऐवजी तीन चिठ्ठ्यांचा घेतला तर ०.७१ हे १ च्या जवळ सरकतं का? आठ नमुने होतील. उत्तर मी इथे लिहीत नाही.

निळीशाई:
वाचून दाखवलं. वही घेऊन बसली आहे.

तिसरीघंटा:
काकू, तिचं झालं की सांगा. मी पण करतोय, ताडून बघू.